गोड लागलं की हात वर करा

स्टँडवरचा माईक माझ्याकडे आला तो आवाजामुळे. आम्ही तिघे कंट्रोलर होतो. गाड्या फलाटावर लावायच्या, ड्रायव्हर-कंडक्टर वेळेवर आलेत का ते बघायचं, वेळापत्रक सांभाळायचं, ही कामं तिघांनाही होती. पण माईकसमोर आमच्यातला एकजण घाबरायचा. स्वतःचाच आवाज कर्ण्यातून ऐकू आला की त्याला पुढचं गाव आठवायचं नाही. दुसरा असा ओरडायचा की माईक बंद असता तरी चाललं असतं. त्यामुळे "प्रवाशांनी लक्ष द्यावे" म्हणायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि बघता बघता मला ते आवडायला लागलं.

ही सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं. नाशिक तेव्हा एवढं पसरलेलं नव्हतं. इंदिरानगरच्या बाजूला आमची कॉलनी होती आणि कॉलनी संपली की मोकळी शेतं नाहीतर द्राक्षाचे मळे. मी सायकलवर स्टँडवर जायचो. कॉलनीतले लोक मला माझ्या आवाजावरून ओळखायचे. जयंतीच्या कार्यक्रमाचं निवेदन माझ्याकडे, रविवारी विहारात वंदना सांगायची तीही मीच. बायको नगरपालिकेच्या शाळेत पहिलीचा वर्ग शिकवायची. दिवसभर चाळीस पोरांचा गोंगाट ऐकून ती घरी यायची आणि मी काही बोलायला लागलो की म्हणायची, "अहो, जरा हळू. इथे कुणाची गाडी चुकत नाहीये."

नाक बिघडलं ते एका हिवाळ्यात. स्टँडचं आवार तेव्हा डांबरी नव्हतं. दिवसभर गाड्या फिरल्या की धुळीचे लोट उठायचे, आणि सकाळी गारठलेली इंजिनं सुरू करताना काळाकुट्ट धूर निघायचा. त्या थंडीतच मला नवी खोली मिळाली होती, फलाटांच्या अगदी टोकाला. तिला गजांची एक खिडकी. धूर आणि धूळ त्या खिडकीतून आत यायची आणि मी आतून प्रवाशांना सूचना देत बसायचो. आधी शिंका सुरू झाल्या, मग नाक चोंदलं आणि मग ते चोंदलेलंच राहिलं.

आईनं वाफारा दिला. तव्यावर भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी हुंगायला दिली. कपाळावर वेखंड उगाळून लावलं. शेवटी तिनं रोज झोपताना कोमट साजूक तुपाचे दोन थेंब माझ्या नाकात सोडायला सुरुवात केली. नाक काही सुटलं नाही, पण थोड्या वेळानं तूप घशात उतरायचं. ते साजूक तूप असल्यामुळे माझी काही तक्रार नव्हती. बायको मात्र म्हणाली, "तूप भातावर वाढलं असतं तर तोंडातूनच गेलं असतं. एवढा वळसा कशाला?"

हरसूलच्या गाडीवर माझा एक मित्र कंडक्टर होता. मूळचा निफाडकडचा. कुणाचं काहीही दुखत असो, ह्याच्या खिशात त्यावर औषध असायचंच. एक दिवस त्यानं खिडकीच्या गजांतून हात घालून माझ्या टेबलावर एक छोटी बाटली ठेवली.

"घे. लय भारी औषध हाय. दोन थेंब टाक, नाक कसाऱ्याच्या बोगद्यावानी मोकळं व्हतं बघ."

"डॉक्टरनं दिलंय का?"

"दिलंय की. माझ्या मेव्हण्याला."

"अरे, त्याच्या नाकाचं औषध मला कसं चालेल?"

"तुझं तर सरकारी नाक हाय. त्याला काय व्हतंय?"

मी मान मागे टाकून थेंब सोडले. कँटीनचा पोऱ्या चहा ठेवून जाईपर्यंत नाक उघडलं. हवा थेट कपाळापर्यंत गेली, वास मात्र कशाचाच आला नाही. डोळ्यांत पाणी आलं. आपल्या चेहऱ्यात एवढी जागा आहे हे मला माहीतच नव्हतं. मी खुशीत माईक ओढला आणि सिन्नर, संगमनेरमार्गे पुण्याला जाणाऱ्या गाडीची घोषणा सुरू केली. संगमनेरपर्यंत सगळं ठीक होतं. तेवढ्यात घशात काहीतरी उतरलं. कडू जहर. कारल्याचा रस परवडला असता.

"पुण्याला जाणारी गाडी... आक्!"

अख्ख्या स्टँडनं कर्ण्याकडे बघितलं. एक गृहस्थ धावत खिडकीशी आले आणि विचारायला लागले, "काय झालं हो पुण्याच्या गाडीला?"

पण नाक मोकळं होतं, आणि मोकळ्या नाकासाठी माणूस कडू गिळतो. सुरुवातीला सकाळी टाकलेले थेंब संध्याकाळपर्यंत पुरायचे. मग दुपारपर्यंत पुरायला लागले. मग धुळ्याची गाडी सुटून मालेगावची लागेपर्यंत. एक बाटली गणवेशाच्या खिशात, एक टेबलाच्या खणात, एक घरी आरशामागे, अशी माझी व्यवस्था झाली. आरशामागची बायकोला सापडली.

"ही कसली बाटली?"

"दाकाची."

"कशाची?"

"दाकाची, दाकाची!"

तिनं शांतपणे बाटली जागेवर ठेवली आणि म्हणाली, "उद्या माझ्या वर्गात येऊन बसा. न नळाचा, म मगरीचा, दोन्ही परत शिकवते."

मी ही तक्रार मित्राच्या कानावर घातली. औषध नाकात थांबतच नाही, जरा वेळानं सगळं घशात येतं, असं सांगितलं. त्यानं गंभीरपणे विचार केला आणि निदान केलं की माझी बैठक चुकते आहे. बाकावर उताणं झोपायचं, डोकं काठाबाहेर खाली लटकवायचं, मग थेंब टाकायचे आणि अजिबात हलायचं नाही. त्याच्या मेव्हण्यानं म्हणे असंच केलं होतं.

माझ्या खोलीत एक लाकडी बाक होता. दुपारी गर्दी कमी झाल्यावर मी त्यावर आडवा झालो, डोकं खाली सोडलं, थेंब टाकले आणि उलट्या दिसणाऱ्या भिंतीकडे बघत पडून राहिलो. तेवढ्यात खिडकीशी एक बाई आली.

"अवो साहेब, सिन्नरची गाडी कवा हाय?"

आता हललो तर सगळं औषध वाया जाणार. मी हातानंच थांबा अशी खूण केली. ती खूण तिला कशी दिसली कोण जाणे.

"अगं बया! साहेबाला फिट आली! हात झाडायला लागलं साहेब!"

दार नुसतं लोटलेलं होतं. क्षणात खोलीत दहा-बारा माणसं. एकानं माझे पाय धरले, एकानं डोकं. एकानं पायातली चप्पल काढून माझ्या नाकाला लावली. बाहेर कांद्याची गोणी घेऊन बसलेला एक शेतकरी होता, त्यानं एक कांदा बुक्कीनं फोडून दुसऱ्या बाजूनं धरला. मला ना चपलेचा वास आला ना कांद्याचा. मी ओरडलो, "बला काही झालं दाही! बी बरा आहे!"

"बघा, बोबडी वळली," चप्पलवाला म्हणाला आणि त्यानं दुसरी चप्पल काढली.

ती माणसं गेल्यावर मी आरशात बघितलं. गणवेशाच्या कॉलरवर कांद्याची सालं, कपाळाला धूळ. आणि नाक चोंदलेलं ते चोंदलेलंच.

उन्हाळ्यापर्यंत अशी अवस्था आली की थेंब टाकले तरी नाक जेमतेम उघडायचं आणि लगेच मिटायचं. माईकवर मी आता असा ऐकू यायला लागलो: "प्रवाशांदी लक्ष द्यावे. दाशिकहूद बदबाडला जाडारी गाडी फलाटावर लागत आहे." नाशिक जिल्ह्यातली गावं कुणी ठेवली माहीत नाही, पण माझ्यासारख्याचा विचार करून नक्कीच ठेवलेली नाहीत. निफाड, नांदगाव, मनमाड, मालेगाव, सिन्नर, नामपूर. ज्या गावाचं नाव घ्यावं त्यात न नाहीतर म. ओझर, पेठ, येवला आणि हरसूल एवढीच काय ती माझ्या तोंडून धड बाहेर पडायची. मित्र छाती फुगवून म्हणायचा, "आमच्या हरसूलचं नाव घेताना तू कसा खणखणीत बोलतो बघ."

कॉलेजच्या पोरांना तर करमणूकच झाली. ती मनमाडच्या गाडीत चढायची आणि कंडक्टरला म्हणायची, "दोन बदबाड द्या." कंडक्टरही तिकीट फाडून द्यायचे.

एक दिवस सटाण्याकडचे एक म्हातारबाबा बोचकं सांभाळत खिडकीशी आले. बराच वेळ माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "भाऊ, माले मनमाडले जानं शे. मी सकायपाइन बठेल शे. आठे नुसती बदबाडनी गाडी लागस. हाई बदबाड कोठे शे?"

"बाबा, तेच ते."

"तेच म्हंजे?"

"बदबाड ब्हडजेच बदबाड!" मी जीव तोडून सांगितलं.

बाबांनी मान हलवली. "तठे मनं कोनी नही. माले मनमाडले जानं शे."

मी उठलो, त्यांचं बोचकं उचललं आणि स्वतः नेऊन त्यांना मनमाडच्या गाडीत बसवलं. लेकीकडे निघाले होते बिचारे. सकाळपासून त्यांच्या डोळ्यांदेखत तीन गाड्या सुटल्या होत्या आणि तिन्हींची घोषणा मी केली होती. गाडी हलल्यावर त्यांनी खिडकीतून मला हात केला आणि शेजारच्याला काहीतरी सांगितलं. शेजारचा माझ्याकडे बघून हसला. त्या दिवशी मला पहिल्यांदा ह्या सगळ्याचं हसू आलं नाही.

आणि मग विहारातला रविवार. वंदनेचं पहिलं अक्षरच न. मी सुरुवात केली आणि पुढच्या रांगेतली पोरं खाली माना घालून खुदखुदायला लागली. मोठी माणसं डोळे मिटून बसली होती, पण त्यांचेही खांदे हलताना मला दिसले. वंदना संपल्यावर आमच्या कॉलनीतले एक निवृत्त गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाळा, थोडे दिवस दुसरं कुणीतरी सांगू दे. तू आधी नाकाकडे बघ." त्यांनी अगदी प्रेमानं सांगितलं. घराजवळ आल्यावर बायको म्हणाली, "उद्या शाळा सुटल्यावर मी स्टँडवर येते. आपण डॉक्टरकडे जाऊ."

गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, अलीकडे एका बोळात कान-नाक-घशाचा एक नवीन डॉक्टर आला होता. तरुण होता, कमी बोलायचा, कपाळावर गोल आरसा बांधलेला. त्यानं माझ्या नाकात एक चिमटा घालून ते रुंद केलं, आत उजेड पाडून बघितलं आणि विचारलं, "थेंब किती दिवसांपासून टाकताय?"

"थंडीपासूद."

"कुठली थंडी?"

"गेल्या थंडीपासून," बायको म्हणाली.

डॉक्टरनं चिमटा काढला. "हे थेंब आतलं सुजलेलं अस्तर आकसून टाकतात. चार-पाच दिवस घ्यायला ठीक आहेत. पण रोज टाकत राहिलात की त्यांचा असर ओसरल्यावर अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं. मग तुम्ही परत टाकता. आता तुमचं नाक सर्दीनं चोंदत नाहीये, औषधानं चोंदतंय."

"पड डॉक्टर, औषध दाकात राहतच दाही. सगळं घशात येतं."

"येणारच. मान मागे टाकून टाकता ना? निम्मं तर सरळ घरंगळत खाली जातं. उरलेलं नाक स्वतः ढकलतं." मला कळलं नाही असं बघून तो खुर्ची ओढून बसला. "नाकाच्या आत ओलसर बुळबुळीत थर असतो. त्याखाली डोळ्यांना न दिसणारी बारीक लव असते. ती लव सतत हलते आणि तो थर मागे घशाकडे सरकवत राहते. धूळ, धूर, जे काही आत येईल ते त्या थराला चिकटतं आणि घशात जातं. आपण ते गिळतो. दिवसभर गिळतो, कळतही नाही. औषध टाकलं तरी नाक त्याला धूळच समजतं. तुम्ही काय करता?"

"बसस्टँडवर कंट्रोलर आहे."

"तुमच्या फलाटावर गाडी किती वेळ उभी असते?"

"दहा-पंधरा बिदिटं."

"मग प्रवाशानं काय करायचं?"

"तेवढ्यात चढायचं."

"झालं तर. नाकात औषधाला साधारण तेवढाच वेळ मिळतो. त्यात जेवढं अंगी लागेल तेवढं लागलं, बाकीचं पोटात गेलं."

मला हे फार पटलं. इतके महिने मी नाकावर चिडत होतो आणि नाक बिचारं ड्यूटी करत होतं. पण डॉक्टरला शंका होती की धूर आणि थेंब ह्या दोघांनी मिळून माझ्या नाकाची ही सरकवण्याची ताकद मंदावली असेल. त्यानं एका कागदावर मिठाच्या खड्याएवढा पांढरा कण घेतला. ते सॅकरीन होतं, साखरेऐवजी मधुमेहवाले चहात घालतात ते.

"हा कण मी नाकपुडीत थोडा आत ठेवणार. नाकाला गोड कळत नाही. नाक त्याला सरकवत घशापर्यंत नेईल, तेव्हा तुम्हाला गोड लागेल. त्याला किती वेळ लागतो ते मी बघणार. तोपर्यंत ताठ बसायचं. हुंगायचं नाही, शिंकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही आणि बोलायचं नाही. मधूनमधून आवंढा गिळायचा. गोड लागलं की हात वर करा."

"बोलायचं नाही?" बायकोनं खात्री करून घेतली.

"एक शब्द नाही."

डॉक्टरनं कण ठेवला, भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि तो बाहेरच्या पेशंटकडे गेला. खोलीत मी, बायको आणि कानाच्या आतल्या भागाचं एक मोठं रंगीत चित्र.

ती आधी थोडा वेळ चित्र बघत बसली. मग म्हणाली, "तुम्हाला आता बोलता येणार नाही ना?"

मी मान हलवणार होतो, पण ताठ बसायचं होतं. डोळ्यांनीच नाही म्हटलं.

"मग जरा बोलते." तिनं पदर सारखा केला. "लग्नानंतर मी पहिल्यांदा भाकरी केली तेव्हा तुम्ही खाल्लीत आणि म्हणालात, आईला एकदा विचारून घे. आठवतंय? मला आठवतंय. दुसरं, तुम्ही अख्ख्या जिल्ह्याला सांगता कुठली गाडी किती वाजता येणार. आपण स्वतः घरी कधी येणार ते कधी सांगितलंय? तिसरं, माझ्या शाळेच्या गॅदरिंगला तुम्ही आलात तेव्हा पोरांचा नाच चालू असताना शेजारच्या माणसाला शिर्डीच्या गाडीची वेळ सांगत होता. माझी पोरं होती ती. दोन महिने बसवला होता तो नाच."

मी आवंढा गिळला. काहीच गोड नव्हतं.

तिनं भाकरीपासून सुरुवात करून आमच्या घरातल्या बऱ्याच गोष्टींचा आढावा घेतला. माझ्या बहिणीच्या मुलांना सुट्टीत कोण सांभाळतं. सायकलला नवीन सीट आली, शिलाई मशीनचा पट्टा का आला नाही. मला प्रत्येक मुद्द्यावर उत्तर होतं. चांगली उत्तरं होती. ती सगळी त्या सॅकरीनच्या कणामागे अडकून पडली होती. डॉक्टर एकदा डोकावला, मी भुवया उंचावून नाही सांगितलं, तो घड्याळ बघून "हं" म्हणाला आणि गेला.

मग तिनं पुन्हा पदर सारखा केला. मला वाटलं संपलं. पण ती कानाच्या चित्राकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "आणि एक सांगायचंय. मला बी. ए. करायचंय. बाहेरून परीक्षा देता येते. शाळा सांभाळून अभ्यास करीन. हे मी तुम्हाला चारदा सांगायला घेतलं. प्रत्येक वेळी मी तोंड उघडलं की तुम्ही मध्येच काहीतरी बोलता, मग विषय कुठल्या कुठे जातो. आज तुम्ही बोलणार नाही म्हणून सांगते. मला तुमची परवानगी नकोय. पण घरात आईंसमोर तुम्ही माझ्या बाजूनं बोलायला पाहिजे. तसं नाही झालं तर मी सकाळी स्वयंपाक करून, शाळा करून, कधी वाचणार?"

तिचा चेहरा लाल झाला होता. पहिलीच्या पोरांसमोर ती कधी अडखळत नसे, माझ्यासमोर अडखळत होती. मी तिचा हात धरायला म्हणून हात उचलत होतो, आणि नेमकं तेव्हाच जिभेच्या मागे घशात काहीतरी झिरपलं. गोड. चांगलंच गोड. माझा हात तसाच वर गेला.

ती बघतच राहिली. "हात वर केलात? म्हणजे तुम्हाला मंजूर आहे?"

मी जोरजोरात घशाकडे बोट दाखवलं.

"शब्द देताय? गळ्याची शपथ?"

डॉक्टर आत आला. "लागलं का गोड?"

"लागलं!" मी एवढ्या मोठ्यानं म्हणालो की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले.

"डॉक्टरसाहेब," बायको म्हणाली, "तुम्ही साक्षीदार आहात. ह्यांनी माझ्या बी. ए.साठी हात वर केलाय."

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "धडधाकट नाकाला लागतो त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागलाय," तो म्हणाला. बायको म्हणाली, "मला पुरला."

उपचार साधा आणि वाईट होता. थेंब बंद. पण दोन्ही नाकपुड्यांचे एकदम नाही, तसं केलं तर माणूस वेडा होतो, असं डॉक्टर म्हणाला. आधी उजवीचे बंद करायचे, डावीचे चालू ठेवायचे. उजवी स्वतःहून चालायला लागली की मग डावीचे बंद. मधल्या काळात मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुवायचं आणि स्टँडवर शक्यतो धुरात बसायचं नाही. ह्या शेवटच्या सूचनेवर मी आणि बायकोनं एकमेकांकडे बघितलं.

तो पंधरवडा मी विसरणार नाही. उजवीकडून श्वास बंद, डावीकडून उसना. झोपताना तीन उशा घेऊन जवळजवळ बसूनच झोपायचो. घोरणं इतकं वाढलं की आई आपली गोधडी उचलून शेजारच्या खोलीत गेली. बायकोनं बी. ए.ची पुस्तकं आणली होती. ती म्हणाली, "घोरा खुशाल. तेवढीच मी जागी राहून वाचते." आईपुढे मी विषय काढला, अगदी शब्द दिल्याप्रमाणे. आई म्हणाली, "मला काय सांगतोस? मीच तिला म्हटलं होतं, त्याचं नाक धरल्याशिवाय तो ऐकायचा नाही." म्हणजे ह्या घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं, फक्त मी सोडून.

मित्र कंडक्टर रोज खिडकीत येऊन मोहात पाडायचा. "एक थेंब टाक रे. नाय कळणार डॉक्टरला."

"त्याला नाही कळणार. हिला मात्र कळतं," मी म्हणायचो. ह्या वाक्यात न आणि म दोन्ही होते की नाही हे मी लक्ष देऊन ऐकायचो. न आधी परत आला, म नंतर.

पावसाळा सरताना डॉक्टरनं पुन्हा सॅकरीनचा कण ठेवला. बायको बरोबर होती आणि ह्या वेळी तयारीनं आली होती. आठ-दहा मिनिटं किरकोळ गोष्टींत गेली, मग मुख्य मुद्द्याला येत तिनं जेमतेम "हे बघा, दिवाळीत माझ्या भावाकडे" एवढं म्हटलं आणि माझा हात वर गेला.

"एवढ्यात?" ती वैतागली. "डॉक्टर, तुम्ही ह्यांना फारच बरं केलंत."

रविवारी गुरुजींनी मला परत पुढे बसवलं. स्टँडवरही माझी घोषणा पहिल्यासारखी सुरू झाली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. लोक आपापल्या गाडीत चढत होते.

माझ्या मात्र एक गोष्ट लक्षात आली. घरी हळूहळू वास यायला लागले होते: फोडणीचा, पावसात न वाळलेल्या कपड्यांचा, बायकोच्या हाताला लागलेल्या खडूचा. मी मोठ्या आनंदात सायकल मारत स्टँडवर आलो, खोलीचं कुलूप उघडलं, खुर्चीत बसलो, नाकानं भरपूर हवा आत घेतली आणि तसाच बाहेर पळत आलो. माझ्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून स्टँडची मुतारी होती. ती तिथे आहे हे मला माहीत होतं. खोली मिळाली तीच मुळी सर्दीत, त्यामुळे तिला एवढा वास आहे हे माहीत नव्हतं. डोळ्यांना झोंबेल असा वास. इतके महिने मी त्या भिंतीला पाठ टेकून डबा खात होतो.

मी तडक आमच्या वरिष्ठांकडे गेलो आणि खोली बदलून मागितली. ते चकित झाले.

"अहो, तुमच्या आधीचे तिघेजण त्या खोलीत महिनाभर टिकले नाहीत. तुम्ही कधी एका शब्दानं तक्रार केली नाही. मी वरच्या साहेबांना तुमचं उदाहरण देत असतो, माणूस किती सहनशील आहे म्हणून."

"साहेब, मला वास येत नव्हता."

"आणि आता यायला लागला?" ते खरोखर दुःखी झाले. "थोडे दिवस आधी सांगितलं असतंत. कालच मी तुमच्या गोपनीय अहवालात लिहिलं, प्रतिकूल परिस्थितीत हसतमुख."

खोली बदलून मिळायला पुढचा उन्हाळा उजाडला. तोवर मी माईकची वायर लांब करून घेतली आणि खुर्ची दाराबाहेर टाकून घोषणा केल्या. नवीन खोली मिळाली ती कँटीनला लागून. तिथे सकाळपासून वडे तळायचे. पहिला घाणा कढईत पडला की मला फलाटाच्या पार दुसऱ्या टोकालाही कळायचं. त्या वर्षी गणवेशाची पँट मला दोनदा सैल करून घ्यावी लागली, आणि दोन्ही वेळा उसवून शिवताना बायको पुस्तक बाजूला ठेवून म्हणाली की डॉक्टरला थोडंसं नाक बंद ठेवायला सांगायला हवं होतं.